तरंगती वनस्पती-पाणथळे आणि जलशुद्धीकरण : भिवंडीतील कामवारी नदी व वऱ्हाळदेवी तलाव यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्रदूषित नद्या व तलाव यांच्या शुद्धीकरणासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींचे वाफे सोडण्याची पद्धत गेल्या काही दशकांत जगभर रूढ होत आहे. बांबू, नळ्या किंवा तत्सम तरंगत्या चौकटींवर कर्दळ, वाळा, पाणकणीस, नागरमोथा यांसारख्या वनस्पती लावल्या जातात. त्यांची मुळे मातीत न जाता थेट पाण्यात लोंबकळतात आणि पाण्यातील अन्नद्रव्ये शोषून घेतात. खर्च कमी, विजेची गरज जवळजवळ नाही आणि दृश्य मनोहर, या तीन कारणांमुळे नगरपालिका व स्वयंसेवी संस्था यांना ही पद्धत आकर्षक वाटते. मात्र या उपायाकडे केवळ तंत्रज्ञान म्हणून पाहिल्यास त्याचे यशापयश नीट उलगडत नाही. त्यामागे दीर्घ इतिहास आहे आणि त्या इतिहासात काही स्पष्ट इशारेही आहेत.

प्रस्तुत निबंधात भिवंडी या यंत्रमागनगरीचा जलेतिहास आणि तरंगत्या वनस्पतींच्या वापराचा इतिहास यांचा एकत्रित विचार केला आहे. भिवंडीसारख्या शहरात ही पद्धत कोठे उपयोगी पडेल, कोठे पडणार नाही आणि का, हे इतिहासाच्या आधारे तपासणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

१. खाडी, तलाव आणि नगर

भिवंडीचे स्थान पाण्यानेच ठरविले. उल्हास नदीच्या मुखाकडील वसईच्या खाडीशी जोडलेले हे गाव कल्याणच्या जोडीने उत्तर कोकणातील व्यापारात नांदत होते. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली. मराठ्यांच्या आरमाराच्या प्रारंभाशी या खाडीचा संबंध जोडला जातो, तो यामुळेच. एकोणिसाव्या शतकात भात, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड यांच्या व्यापाराचे गाव म्हणून भिवंडीची नोंद आढळते. परिसरातील आगरी-कोळी समाजाचे जीवन भातखाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर उभे होते.

खाडीकाठच्या गावापुढे एक जुनाच प्रश्न असतो. पाणी चहूकडे, पण ते खारे. त्यामुळे गोड्या पाण्याचा साठा हीच अशा गावाची खरी संपत्ती ठरते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये भिवंडीच्या पाणीपुरवठ्याविषयी एक लक्षणीय नोंद आहे. नगरातील रहिवासी आणि सरकार यांच्या संयुक्त वर्गणीतून बांधलेल्या जलवाहिनीने गावाला पाणी मिळत असे. गोडे पाणी ही सर्वांची जबाबदारी आहे, ही जाणीव त्या काळी नागरी व्यवस्थेत किती मुरलेली होती, याचा हा पुरावा मानता येईल.

कामतघर भागातील वऱ्हाळदेवी तलाव हा या गोड्या पाण्याच्या परंपरेचा आजचा वारसदार होय. देवीच्या नावाने ओळखला जाणारा हा तलाव एकीकडे जुन्या शहराच्या काही भागाला पिण्याचे पाणी पुरवीत आला आहे, तर दुसरीकडे गणेशविसर्जनाचे प्रमुख स्थळही राहिला आहे. पिण्याचे पाणी आणि विसर्जनाचे पाणी एकच असणे, ही भिवंडीच्या जलेतिहासातील गुंतागुंत येथे आरंभीच ध्यानात घ्यावी लागते.

कामवारी नदीचे स्वरूप याहून भिन्न आहे. भिवंडी तालुक्यातच उगम पावून शहराजवळून वाहत ती खाडीला मिळते. लांबीने लहान, पावसाळ्यात वेगवान आणि उन्हाळ्यात क्षीण, असे तिचे रूप कोकणातील बहुतेक नद्यांसारखेच आहे. खालच्या टप्प्यात भरती-ओहोटीचे पाणी तिच्या पात्रात शिरते.

२. माग, यंत्रमाग आणि सांडपाणी

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची अनेक कुटुंबे मालेगाव, भिवंडी इत्यादी ठिकाणी स्थिरावली आणि हातमागाचा व्यवसाय वाढला. १९३० च्या सुमारास येथे विजेवर चालणारे माग आले. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांची संख्या वाढत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर मुंबईतील कापड उत्पादनाचा मोठा हिस्सा गिरण्यांकडून यंत्रमागांकडे सरकला आणि भिवंडीच्या वाढीला प्रचंड वेग आला.

जनगणनेचे आकडे हा वेग स्पष्ट करतात. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ७९ हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे ६ लाख झाली आणि २०११ मध्ये ७ लाखांच्या वर गेली. नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले ते २००१ मध्ये. म्हणजेच वस्ती आधी वाढली आणि नागरी व्यवस्था तिच्या मागून धावत राहिली. मागाशेजारीच राहणारा कामगार, दाटीवाटीच्या चाळी आणि उघडी गटारे हे चित्र या क्रमाचाच परिणाम आहे.

यंत्रमागातील विणकाम स्वतः फारसे पाणी दूषित करीत नाही. विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देण्याची सायझिंगची प्रक्रिया आणि विणल्यानंतरची रंगाई-धुलाई यांतून मात्र सांडपाणी निर्माण होते. खळीतील पिष्टमय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. रंगद्रव्ये सहजासहजी कुजत नाहीत. ती प्रकाश अडवतात आणि पाण्यातील जीवसृष्टीला बाधा पोहोचवतात. यात घरगुती सांडपाण्याची भर पडते. म्हणून कामवारीचे प्रदूषण एकाच प्रकारचे नाही. त्यात मैला, खळ आणि रंग या तीन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या आहेत आणि तिन्हींवरील उपाय एकच असू शकत नाही.

कायद्याचा अभाव हे या स्थितीचे कारण नव्हे. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या पाच वर्षे आधी केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. १९७४ चा केंद्रीय कायदा पुढे राज्याने स्वीकारला. हे सर्व भिवंडीच्या मोठ्या वाढीपूर्वी किंवा तिच्या प्रारंभकाळी घडलेले आहे. कायदा होता, परंतु घराघरांतून निघणारे पाणी वाहून नेणारी नळवाहिनी आणि ते शुद्ध करणारी केंद्रे वस्तीच्या प्रमाणात उभी राहिली नाहीत.

३. तरंगत्या वाफ्यांची परंपरा

तरंगत्या वनस्पती-पाणथळांची कल्पना आधुनिक वाटत असली, तरी तिचे पूर्वरूप आशिया खंडातील शेतीपरंपरेत सापडते. काश्मीरमधील दल सरोवरात वेत व पाणगवताच्या तरंगत्या पट्ट्यांवर भाजीपाला पिकविण्याची रीत जुनी आहे. मणिपूरमधील लोकटाक सरोवरात माती, मुळे व कुजलेल्या वनस्पती यांच्या नैसर्गिक तरंगत्या थरांना ‘फुमदी’ म्हणतात. अशा फुमदींवरच केइबुल लामजाओ हे राष्ट्रीय उद्यान उभे आहे. बांगलादेशातील सखल भागात जलपर्णीचे थर रचून त्यावर रोपे वाढविली जातात. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

कोकणातही यामागील तत्त्व परके नाही. घराच्या मोरीचे पाणी परसात सोडून त्यावर अळू, केळी आणि कर्दळ वाढविण्याची चाल घरोघरी होती. गृहिणीला त्याचे रसायनशास्त्र सांगता येत नसेल, परंतु सांडपाण्यावर ही झाडे जोमाने वाढतात आणि परसात दुर्गंधी साचत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. परसातील ती व्यवस्था एका कुटुंबाच्या पाण्यापुरती होती आणि अळूची पाने व केळीचे घड नियमितपणे काढून नेले जात. प्रमाण मर्यादित असणे आणि वाढ काढून घेतली जाणे, या दोन अटी पाळल्या जात असल्यामुळेच ती टिकली.

४. जलपर्णी : शत्रू आणि साधन

या अटी मोडल्या की काय होते, हे जलपर्णीच्या इतिहासावरून दिसते. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर नेली गेली आणि त्याच शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोहोचली. अल्पावधीत तिने तेथील नद्या, खाड्या व भातखाचरे व्यापली. नौकानयन अडले, मासेमारी घटली. १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमण्यात आली आणि १९३६ मध्ये बंगालला जलपर्णीविरोधी स्वतंत्र कायदा करावा लागला. शोभेचे झाड अशा रीतीने राजकीय प्रश्न बनले.

महाराष्ट्रात उल्हास, पवना, इंद्रायणी, पंचगंगा या नद्यांच्या काठच्या लोकांना जलपर्णीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. पंचगंगेच्या खोऱ्यात तिला ‘केंदाळ’ म्हणतात. तिचा प्रादुर्भाव हा मूळ रोग नसून रोगाचे लक्षण आहे. सांडपाण्यातून येणारे नत्र व स्फुरद हेच तिचे खत होय.

नेमका हाच गुण पुढे उपयोगाचा ठरला. जर्मनीत १९५० च्या दशकात केटे झायडेल या संशोधिकेने पाणवनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. अमेरिकेत १९७० च्या दशकात बिल वोल्व्हर्टन यांनी नासा या अवकाशसंस्थेच्या मिसिसिपीतील केंद्रावर जलपर्णीचाच वापर सांडपाण्याच्या तळ्यात केला. १९९० च्या दशकात जपानमधील कासुमिगाउरा सरोवरात कृत्रिम तरंगती बेटे सोडली गेली आणि त्यानंतर ही पद्धत अनेक देशांत पसरली. ज्या वनस्पतीविरुद्ध बंगालने कायदा केला, तीच चाळीस वर्षांनी शुद्धीकरणाचे साधन ठरली. वनस्पती बदलली नव्हती, तिच्यावरील माणसाचे नियंत्रण तेवढे बदलले होते. बंगालमध्ये ती आपोआप वाढत आणि कुजत होती. प्रयोगाच्या तळ्यात मात्र ती ठरावीक काळाने काढली जात होती.

५. भारतीय प्रयोग

भारतात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ ही वनस्पती-आधारित शुद्धीकरण पद्धती विकसित केली. यात सांडपाणी खडी व वनस्पतींच्या कुंडांतून सोडले जाते. ही पद्धत तरंगती नाही, तथापि तत्त्व तेच आहे. तलावावरील तरंगत्या पाणथळाचे सर्वश्रुत उदाहरण हैदराबादच्या नेकनामपूर तलावाचे आहे. तेथे २०१८ मध्ये सुमारे ३,००० चौरस फुटांचा वाफा सोडण्यात आला. बांबू, थर्मोकोल, गोणपाट व खडी यांवर वाळा, कर्दळ, पाणकणीस, गवती वनस्पती यांची लागवड करण्यात आली.

भिवंडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे संशोधन वस्त्रोद्योगातील रंगद्रव्यांविषयीचे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी काही वनस्पती व त्यांच्या मुळांवरील जिवाणू रंगद्रव्यांचे विघटन करू शकतात, हे दाखवून दिले. इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे केंद्र ज्या जिल्ह्यात आहे, तेथेच हा अभ्यास व्हावा हे स्वाभाविक होते. पाकिस्तानातील फैसलाबाद या वस्त्रोद्योगनगरीतही रंगद्रव्य विघटित करणाऱ्या जिवाणूंची जोड देऊन तरंगत्या पाणथळांचे प्रयोग झाले. या सर्व प्रयोगांचे एक समान वैशिष्ट्य आहे. त्यांत सांडपाणी प्रथम कुंडात किंवा टाकीत थांबविले जाते, वनस्पतींशी त्याचा संपर्क ठरावीक काळ ठेवला जातो आणि मगच ते पुढे सोडले जाते. वाहत्या नदीत ही संधी मिळत नाही.

६. क्षमता आणि मर्यादा

शुद्धीकरणाचे काम केवळ वनस्पती करतात, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातील मोठा वाटा मुळांवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या पापुद्र्याचा असतो. लोंबकळणारी मुळे जिवाणूंना वस्तीसाठी विस्तीर्ण पृष्ठभाग देतात. पाण्यातील गाळाचे कण मुळांत अडकतात. वनस्पती नत्र व स्फुरद शोषून आपल्या शरीरात साठवतात. हे साठवलेले द्रव्य तलावाबाहेर काढले तरच शुद्धीकरण पूर्ण होते. झाड कुजून पाण्यात पडले, तर शोषलेले सर्व काही पुन्हा पाण्यात मिसळते.

या क्षमतेचा अंदाज साध्या हिशेबाने घेता येतो. एका व्यक्तीच्या मलमूत्रातून दररोज सुमारे १० ग्रॅम नत्र बाहेर पडते. ७ लाख लोकांमागे ते दररोज ७,००० किलो, म्हणजे वर्षाला अडीच हजार टनांहून अधिक होते. जोमाने वाढणारी जलपर्णी अनुकूल स्थितीत हेक्टरी वर्षाला सुमारे २,००० किलो नत्र शोषते. केवळ वनस्पतींवर भिस्त ठेवल्यास सुमारे १,३०० हेक्टर पाणी अशा वाफ्यांनी झाकावे लागेल. भिवंडी महानगरपालिकेचे एकूण क्षेत्रफळच सुमारे २६ चौरस किलोमीटर, म्हणजे २,६०० हेक्टर आहे. जिवाणूंचे कार्य जमेस धरले तर हा आकडा खाली येईल, हे खरे. परंतु निम्म्या शहराएवढे तळे लागणारा उपाय काही तराफ्यांनी साधेल, असे मानणे हिशेबात बसत नाही.

दुसरा प्रश्न श्रमाचा आहे. ओल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते. एक किलो नत्र बाहेर काढण्यासाठी साधारण पाऊण टन ओली वनस्पती उपसावी लागते. हे काम कोणी करावे, कोणत्या निधीतून करावे आणि काढलेली वनस्पती कोठे न्यावी, या प्रश्नांची उत्तरे उद्‌घाटनापूर्वीच द्यावी लागतात. रंगाईच्या सांडपाण्यात वाढलेल्या वनस्पतीत जड धातू साठलेले असू शकतात. ती गुरांना चारा म्हणून किंवा शेतात खत म्हणून देणे धोक्याचे आहे. तिसरी मर्यादा व्याप्तीची आहे. पाण्याचा सगळा पृष्ठभाग झाकला गेला, तर हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो आणि मासे गुदमरतात.

७. भिवंडीसाठी अर्थ

वरील विवेचनाच्या प्रकाशात कामवारी व वऱ्हाळदेवी तलाव यांचा वेगवेगळा विचार करणे आवश्यक ठरते. कामवारीच्या खालच्या टप्प्यात भरतीचे खारे पाणी येते. जलपर्णी समुद्राच्या पाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढी क्षारताही सहन करू शकत नाही. कर्दळीसारख्या गोड्या पाण्यातील वनस्पतींचीही तीच अडचण आहे. पावसाळ्यातील पूर नांगरलेले वाफे उखडून नेऊ शकतो. अशा वाफ्यांच्या प्लास्टिकच्या चौकटी व थर्मोकोल खाडीत जाऊन नव्या प्रदूषणाची भर पडेल. यावरून नदीच्या मुख्य पात्रात तरंगते वाफे सोडणे हा योग्य आरंभ नव्हे, हे दिसून येते. नदीला मिळणारे नाले अडवून मैला शुद्धीकरण केंद्राकडे वळविणे आणि रंगाईचे पाणी कारखान्याच्या आवारातच शुद्ध करणे, हीच पहिली पायरी होय. कारखान्याच्या अंतिम कुंडात मात्र वनस्पतींना निश्चित स्थान आहे.

वऱ्हाळदेवी तलावाची स्थिती वेगळी आहे. पाणी गोडे, बंदिस्त आणि तुलनेने स्थिर आहे. निर्माल्य, मूर्तींची माती व परिसरातून वाहून येणारे पावसाचे पाणी यांमुळे येणारा अन्नद्रव्यांचा भार कमी करण्यासाठी मर्यादित क्षेत्रावरील तरंगते वाफे तेथे उपयुक्त ठरू शकतात. तथापि त्यासाठीही तीन अटी आहेत. तलावात एकही सांडपाण्याचा नाला मिळू नये, विसर्जनासाठी स्वतंत्र कुंडाची व्यवस्था असावी आणि वाफ्यांच्या छाटणीची जबाबदारी नाव घेऊन ठरलेली असावी.

लोकसहभागाचा धागाही येथे पुन्हा जोडता येतो. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून राज्य शासनाने ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले. नदीची तपासणी, नकाशे आणि नदीकाठच्या लोकांशी संवाद यांवर त्यात भर होता. भिवंडी परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल व इतिहास विभागांना या कामात नैसर्गिक स्थान आहे. तलावाच्या पाण्याची मासिक तपासणी, छाटलेल्या वनस्पतीच्या वजनाची नोंद आणि जुन्या रहिवाशांच्या आठवणींचे संकलन ही कामे विद्यार्थी करू शकतात. दोन-तीन वर्षांची सलग नोंद हाती आली, तर वाफ्यांनी खरोखर काय साधले, हे छायाचित्रांवरून नव्हे तर आकड्यांवरून सांगता येईल.

निष्कर्ष

तरंगत्या वनस्पती-पाणथळांचा इतिहास पाहता असे दिसते की, जेथे प्रमाण मर्यादित होते आणि वाढ नियमितपणे काढली गेली, तेथे वनस्पतींनी पाणी राखले. जेथे सांडपाण्याचा लोंढा चालू राहिला आणि वाढ पाण्यातच कुजू दिली, तेथे त्याच वनस्पतींनी पाणी गिळले. कोकणातील परसातील अळू आणि बंगालच्या नद्यांतील जलपर्णी ही या दोन टोकांची उदाहरणे होत.

भिवंडीने देशाला कापड दिले. त्या कापडाची खरी किंमत मोजताना कामवारीचे पाणी हिशेबात धरले गेले नाही. ही थकबाकी तरंगत्या वाफ्यांवर टाकून चालणार नाही. मलनिस्सारणाची कामे पूर्ण झाल्यानंतर उरलेल्या दोषाचे निवारण करणारे, अखेरच्या टप्प्यातील साधन म्हणून त्यांचा स्वीकार व्हावा. एकोणिसाव्या शतकातील भिवंडीकरांनी सरकारबरोबर स्वतःची वर्गणी घालून गोडे पाणी गावात आणले होते. वऱ्हाळदेवी तलावाचे पाणी राखण्यासाठी आज तशाच संयुक्त जबाबदारीची गरज आहे. तराफा एका दिवसात सोडता येतो, परंतु त्याची छाटणी वर्षानुवर्षे करावी लागते. या उपायाचे यश त्या छाटणीवरच अवलंबून राहील.